वासरावांची टाकी

"पुन्हा दोन बोटं कमी!" वासरावांनी पेट्रोलच्या टाकीतून लाकडी पट्टी बाहेर काढली आणि मास्तरांच्या दुकानाकडे रोखून पाहिलं.

तळमजल्यावरचे शिंपी मास्तर दारात बसून काजं करत होते. वासरावांची तीस वर्षांची मोटरसायकल जिन्याखाली, त्यांच्या दुकानाला लागूनच उभी असायची.

"काय हो मास्तर, गाडीपाशी कोण येतं-जातं, तुम्हाला दिसत असेलच?"

"कुणी येत नाही," मास्तर सुईवरची नजर न काढता म्हणाले. "टाकी गळतेय तुमची. जिनाभर वास मारतोय."

"वासाचं मला सांगताय?"

वासराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. साबणाच्या कारखान्यात, सुगंध मिसळायच्या खात्यात एकतीस वर्षं काढली, तिथल्या चावट पोरांनी ते चिकटवलं. पिंपाचं झाकण जरा किलकिलं झालं की आतला माल ताजा की भेसळीचा, हे ते दारातूनच सांगत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ते नाक वर करूनच चालत. टाकी गळत असती तर या नाकाला कळलं नसतं? शिवाय गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत. म्हणजे मास्तरच सारवासारव करत होते.

त्यांनी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. पेट्रोल तरी उतरलंच. मग त्यांनी मास्तरांशी बोलणं टाकलं, आणि "हल्ली कुणाचा भरवसा देता येत नाही" असं सगळ्या इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायला लागले. बायको काही सांगायला गेली, तर म्हणाले, "तूही त्यांच्यातलीच!"

शेवटी नळीत काय करामत केलीय ते पाहायला त्यांनी टाकी सोडवून वर, मागच्या काचा लावलेल्या बाल्कनीत आणली. नळी शाबूत होती. तळाच्या सांध्यावर मात्र रंग फुगला होता. नखानं खरवडला तसा पोपडा निघाला, खाली गंजाची बारीक भोकं दिसली आणि एक थेंब जमून ओघळला.

"आजच गळायला लागली असेल," ते स्वतःलाच म्हणाले.

त्यांनी टाकी रिकामी केली, आत मूठभर नट आणि गंज काढायचं औषध घालून खळखळ हलवली, धुतली, दोन दिवस उन्हात वाळवली. तिसऱ्या दिवशी दुपारी आत भोकं बुजवायचा सीलर ओतला आणि तो कोपऱ्याकोपऱ्यात पोचावा म्हणून टाकी मांडीवर घेऊन हळूहळू फिरवू लागले.

बायको नाकाला रुमाल लावून दारात आली.

"अहो, कसे बसताय इथं? आत श्वास घेववत नाहीये. खिडकी तरी उघडा!"

वासरावांचे हात थांबले. त्यांचेही डोळे चुरचुरत होते. पण वास? त्यांनी सीलरचा डबा नाकाशी धरला. काहीच नाही. पाण्याचा डबा असावा तसं.

"तुला येतोय?"

तिनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि झाकण लावलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"मागच्या वर्षी दूध करपलं. तुम्ही शेजारीच पेपर वाचत होता," ती हळूच म्हणाली. "कसं सांगायचं तुम्हाला?"

"आणि फरशी? फरशी कोरडी असायची."

"मास्तर पुसायचे. रोज सकाळी, चिंध्यांनी. कुणी काडी टाकेल म्हणून."

वासरावांनी मान खाली घातली. पण सीलर सुकायचा थांबणार नव्हता. ते टाकी फिरवत राहिले.

चार दिवसांनी ते खाली गेले. दुकानाच्या पायरीशी बराच वेळ उभे राहिले.

"मास्तर, जरा वर येता? टाकी वाळली का बघायचंय." घसा खाकरून ते म्हणाले, "मला वास येत नाही."

मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. सुई कापडात टोचून ठेवली आणि जिना चढले.

बाल्कनीत मास्तर टाकीवर वाकले. तोंडाशी नाक नेऊन त्यांनी खोल श्वास घेतला. शेजारी उभ्या वासरावांनीही, नकळत, तितकाच खोल श्वास ओढून घेतला आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहत थांबले.