मोठ्या ड्रमचं कातडं

शाळेच्या बँडमधला मोठा ड्रम माझा होता. म्हणजे शाळेचाच, पण वाजवायचे मी. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझ्या तोंडून आवाज फुटत नसे. तो ड्रम गळ्यात अडकवला आणि मी अशी सुटले की घरचे आता मला तोफ म्हणतात.

तर एका सरावात, मी अगदी नेहमीसारखी वाजवत असताना, कातडं टर्रकन फाटलं. बँडची कॅप्टन, जिला आम्ही पाठीमागे राणीसाहेब म्हणतो, लगेच बाईंना म्हणाली की ही चोर सापडल्यासारखी बडवते, दुसरं काय होणार. बाईंनी माझं ऐकूनच घेतलं नाही. नवीन कातडं आलं, ड्रम राणीसाहेबांच्या गळ्यात गेला आणि माझ्या हातात आल्या झांजा. तेही स्पर्धा तोंडावर आलेली असताना.

घरी येऊन मी दप्तर आपटलं आणि जाहीर केलं की आता तोंडाला कुलूप, कारण ख्रिस्ती माणसाने मुकाट सोसायचं असतं. आई इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"कुणी सांगितलं? प्रभूला थोबाडीत मारली, तेव्हा त्याने विचारलंच ना, का मारलंस म्हणून? उलटा हात मात्र उचलला नाही. तू खरं ते सांग, नीट सांग. आणि मग तिचं वाईट चिंतू नकोस."

पहिलं जमेल, दुसऱ्याची खात्री नाही, असं मी म्हणाले. त्यावर ती म्हणाली की प्रार्थना दुसऱ्यासाठीच असते, पहिल्याला तुझं तोंड पुरेसं आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना न रडता सांगितलं की मी नेहमीइतक्याच जोराने वाजवत होते, कातडं कसं फाटलं ते मला माहीत नाही. बाई "बघू" म्हणाल्या. मोठ्यांचं "बघू" म्हणजे काय, ते काय सांगायला हवं? मग मी झांजाच अशा वाजवल्या की छपरावरची कबुतरं उडाली. राणीसाहेबांसाठी प्रार्थनाही करू लागले. सुरुवातीला दातओठ खात, पण करत होते.

स्पर्धेच्या सकाळी मैदानामागच्या खोलीत ती ड्रम कसत बसली होती. चावीने एक स्क्रू पार आवळला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या उपासनेत मामा ड्रम वाजवतो. तो एक स्क्रू थोडासा पिळला की अगदी समोरचा पिळतो, नाहीतर एकाच बाजूला ताण येऊन कातडं फाटतं. ड्रम कसायचं काम कॅप्टनचंच, म्हणजे आधीचंही हिनेच असंच कसलं होतं, आणि बिचारीला त्याचा पत्ताच नव्हता.

मी नुसतं गप्प बसायचा अवकाश. भर मैदानात कातडं तिच्या गळ्यात फाटलं असतं आणि मी धुतल्या तांदळासारखी स्वच्छ ठरले असते. खरं सांगते, विचार फार गोड होता. प्रभू, लवकर काहीतरी कर, असं पुटपुटले आणि तिच्यापाशी गेले.

कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "ताई, सगळे सैल कर. समोरासमोरचे थोडे थोडे आवळ, नाहीतर फाटेल."

तिचा हात थांबला. "म्हणजे ते आधीचं..."

"हो."

"मग फाटू द्यायचं होतंस की. तुझंच खरं ठरलं असतं."

"आलं होतं मनात. पण इतके दिवस तुझ्यासाठी प्रार्थना केली, ती फुकट गेली असती."

मला वेड लागल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मग खुदकन हसली. उरलेले स्क्रू आम्ही दोघींनी मिळून कसले. नंबर काही आला नाही, पण कातडं टिकलं.

सोमवारी सरावाआधी राणीसाहेब सगळ्यांसमोर उभी राहिली. कातडं माझ्या वाजवण्याने नाही, तिच्या कसण्याने फाटलं होतं, असं तिने सांगून टाकलं. तिचे कान लालबुंद झाले होते. मला तर तिचा अभिमानच वाटला. बाईंनी ड्रमचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला.

"तुझं ऐकून घ्यायला हवं होतं मी. चुकलं माझं."

काही नाही बाई, हे जिभेवर आलंच होतं, पण ते खरं नव्हतं.

"फार वाईट वाटलं होतं, बाई," मी म्हणाले. "आता नाही वाटत."

आणि टिपरू उचललं.