जावयाचा टॉवेल

पेडगावच्या उद्धव गुरुजींच्या घरात गुढीपाडव्यापासून कुणी चादर झटकली नव्हती. रिटायर झालेला मास्तर, पण लुंगी बदलायची तरी न्हाणीत जाऊन आतनं कडी लावायचा. बायको अनसूयाबाई वाळलेल्या साड्या गच्चीवरच घड्या घालून, चोरीचा माल आणावा तशा पदराखाली खाली आणायच्या. कारण एकच. चिमणी.

चिमणी म्हणजे कुत्री. अंगानं वासराएवढी, एक कान अर्धा, अन् डोळ्यांत कायम एसटी चुकल्यासारखी धास्ती. परभणीला जखमी जनावरं सांभाळणाऱ्या सुकेशनीनं ती गुरुजींच्या हवाली करताना बजावलं होतं, "हिला कुणीतरी गोणपाट टाकून धरलं अन् लय मारलं. हिच्यासमोर कापड उलगडू नका, काका. बाकी सोन्यासारखी हाय."

सोन्यासारखी म्हणजे काय, तर कोंडली की दार कुरतडायची. एकदा खिडकीची जाळी फाडून थेट पाथरी रोडला लागली. ती खुर्चीखाली बसली की खुर्चीवरच्या माणसानं तिला विचारूनच उठायचं. पण झोपताना पाठ गुरुजींच्या पायाला टेकवायची. उभ्या नोकरीत गुरुजींवर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता. घरात तर न्हाईच न्हाई.

अन् लागला अधिक महिना. म्हणजे जावयाला बोलवा, पुरणाचे धोंडे खाऊ घाला, देव समजून ओवाळा, टॉवेल-टोपी करा. जावई रविकांत परभणीत साहेब होता, अन् मानपानाचा इतका पक्का की बशी ओली दिली तरी महिनाभर फोन उचलायचा न्हाई.

अनसूयाबाईंनी सकाळीच निकाल दिला. "जावयाला ओरखडा जरी आला, तर कुत्री आजच परत. सुकेशनीला फोन केलाय मी. दुपारी गाडी घेऊन यायलीय ती."

"अगं, आहेर पिशवीतच देऊ की. घडी मोडायचीच न्हाई."

"पिशवीत? रेशनचा गहू हाय का तो?"

शेवटी तह झाला. टॉवेल घडीसकट खांद्यावर ठेवायचा, उलगडायचा न्हाई. चिमणी गुरुजींच्या पायाशी, गुरुजींचा हात तिच्या पट्ट्यात.

रविकांत पाटावर बसला. फिकट रंगाची नवी पँट, पाटाभोवती रांगोळी. लेक मधुवंती निरांजन घेऊन उभी. चिमणीच्या घशात बारीक घरघर सुरू झाली, लांबच्या मोटारीसारखी.

"काय म्हणायलीय ही?" रविकांतनं विचारलं.

"स्वागत करायलीय," गुरुजी म्हणाले. त्यांनी पट्टा आणखी घट्ट धरला.

कुंकू झालं. टोपी झाली. अनसूयाबाईंनी श्वास धरून टॉवेल खांद्यावर ठेवला, घडीसकट. गुरुजींनी डोळे मिटून देवाचे आभार मानले अन् मानता मानता हात ढिला सोडला.

तेवढ्यात जावयाला वाटलं, सासूनं दिलेला माल बघावा तरी. "मोठाय का हो, मामी?" म्हणत त्यानं टॉवेल उचलला अन् दोन्ही हातांनी फाडकन झटकला.

पुढं काय झालं ते धड कुणीच बघितलं न्हाई. चिमणी पळायच्या ऐवजी सरळ कापडावरच गेली. पाट उलटला, निरांजन मधुवंतीनं कसंबसं वाचवलं, अन् जावई उताणा पडला. वर कुत्री, अन् दोघांवर टॉवेल.

आतनं "आई गं" असा बारीक आवाज आला.

"ओढा तो टॉवेल!" अनसूयाबाई ओरडल्या.

"हात लावू नका कुणी!" गुरुजी म्हणाले. "अन् जावईबापू, तुमी गप पडा!"

"आवं, अधिक महिन्यात जावयाला गप म्हणता?"

गुरुजी आडवे झाले अन् सरपटत स्वतःच टॉवेलात शिरले.

आत पिवळा उजेड होता. जावई अन् कुत्री नाकाला नाक लावून. जावयाचं मनगट तिच्या जबड्यात. दाबलेलं नव्हतं, नुसतं धरलेलं, भाव ठरायच्या आधी गिऱ्हाईक वांगं धरतं तसं.

"मामा... चावायलीय का?"

"न्हाई. इचार करायलीय. हलू नका."

गुरुजींनी तिच्या पोटावर तळवा ठेवला. पोट थडथड उडत होतं. "चिमणे, मी हाय. मीच हाय." कितीतरी वेळ कुणी हललं न्हाई. बाहेर मधुवंती रडायच्या बेतात होती. मग जबडा हळूच सुटला. दाताचा व्रणसुद्धा न्हाई. गुरुजींचा जीव भांड्यात पडला, अन् त्याच वेळी कोपराला ओलं लागलं. त्यांनी कुत्री चाचपली. कोरडी ठणठणीत. त्यांनी जावयाकडं बघितलं. जावयानं नजर फिरवली.

तिघं बाहेर आले. फिकट पँटवरचा डाग लपणारा नव्हताच.

"अगं बया! जावयाच्या अंगावर मुतली की ही!" अनसूयाबाईंनी कपाळाला हात लावला. "संपलं. आता एक मिनिट न्हाई ठेवायची."

गुरुजींनी तोंड उघडलं. एक वाक्य बोललं असतं तर कुत्री वाचली असती. पण तेच वाक्य मधुवंतीला सासरी जन्मभर पुरलं असतं. त्यांनी तोंड मिटलं.

फाटकाशी गाडी वाजली. सुकेशनी आली, सगळं ऐकलं, अन् साखळी अडकवली. चिमणी चारी पाय रोवून उभी. ओढलं तर फरशीवरनं घासत गेली, पण पाऊल उचललं न्हाई. सुकेशनीनं तिच्या मागच्या कोरड्या पायावरनं हात फिरवला अन् थबकली. "काका, ही तर..."

गुरुजींनी बोलू नको अशी मान हलवली. अगदी थोडी.

"घेऊन जा बाई," अनसूयाबाई म्हणाल्या.

फाटक उघडलं. चिमणी गुरुजींकडं बघायली. गुरुजी जावयाकडं बघायले. नुसतेच.

"मामी," रविकांत खाकरला, "या महिन्यात जावई मागंल ते देतेत ना?"

"देतेत की. सोनं मागा."

"कुत्री राहू द्या."

"मुकं जनावर," तो पायाकडं बघत म्हणाला. "भेलं की... होतं कुणाचंबी तसं."

अनसूयाबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "याला म्हणतेत खानदानी माणूस!" त्यांनी तिथंच मोबाईल काढून पूर्णेच्या बहिणीला लावला अन् आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाल्या, "अगं, आमच्या जावयाचा मोठेपणा ऐक! नवी कोरी पँट, अन् अशी ओलीचिंब..."

"मामा," रविकांत कळवळून म्हणाला, "फोन बंद करा ना त्यांचा."

"ते मला आजवर जमलं न्हाई, बापू," गुरुजी चिमणीची साखळी सोडत म्हणाले.