गाण्याआधीच रंगलेली मैफल

पदार्थविज्ञानात पदवी घेऊन भाग्यश्री नाशिकच्या एका दैनिकात उमेदवारी करत होती. तिथे एका शब्दाने तिचा पिच्छा पुरवला होता. कबड्डीचा सामना रंगायचा, पक्षांतराची चर्चा रंगायची, पिंपळगावचा द्राक्षांचा लिलावसुद्धा रंगायचा. आणि मैफल तर रंगल्याशिवाय राहायचीच नाही. न रंगलेली एक तरी मैफल सापडावी म्हणून तिने जुने अंक चाळले. सापडली नाही.

कारण लवकरच कळलं. सांस्कृतिक पान साडेआठला छपाईला सुटायचं आणि कार्यक्रम सातनंतर सुरू व्हायचे. म्हणून बातमी दुपारीच तयार व्हायची, निमंत्रणपत्रिका समोर ठेवून. गायकाचं नाव, सभागृहाचं नाव, शेवटी 'मैफल रंगली', झालं काम. पान सांभाळणाऱ्या देवराम सरांना यात वावगं काही वाटत नव्हतं.

"शास्त्रज्ञ बाई," ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "लग्नपत्रिका छापतात तेव्हा लग्न लागलेलं असतं का?"

"तिथे 'होणार आहे' छापतात, सर. आपण 'झालं' छापतो."

आजूबाजूचे हसले. सरही हसले, पण त्यांना ते लागलं असावं. गंगापूर रोडच्या सभागृहात आज इंदूरच्या पंडितजींचं गाणं होतं. जा, बघून ये, पान सुटायच्या आत फोन कर. नाहीतर तयार बातमी जाईल, असं त्यांनी बजावलं.

पंडितजी आलेच नाहीत. पिंपळगावच्या पुढे हायवेवर कांद्याचा ट्रक उलटला होता आणि त्यांची गाडी मागे अडकली होती. सुरुवातीला थोडा वेळ गायला येवल्याहून प्रतिभा नावाची मुलगी आली होती. नाशिकमधलं तिचं हे पहिलंच गाणं. पत्रिकेत तिचं नाव तळाशी, बारीक अक्षरांत होतं. तूच गात राहा, असं संयोजकांनी तिला सांगितलं. तेवढ्यात स्पीकर शिट्टी मारू लागला. आवाज कमी केला तरी शिट्टी थांबेना. मागच्या रांगेतले लोक उठू लागले.

प्रतिभाने माइक बंद करायला लावला आणि म्हणाली, "जरा पुढे येता का?"

आधी कुणी हललं नाही. मग एका आजोबांनी खुर्ची ओढली. दुसऱ्याने ओढली. दाराशी पोचलेली मंडळीही परत फिरली. थोड्याच वेळात मागचं अर्धं सभागृह रिकामं झालं आणि सगळे तिच्यासमोर दाटीवाटीने बसले. ती पुन्हा गाऊ लागली, तेव्हा पंख्याची घरघर नको म्हणून कुणीतरी तोही बंद केला.

भाग्यश्री बाहेर धावली आणि फोन लावला. पान लावून झालंय, सुटायचंच बाकी आहे, सर म्हणाले.

"पंडितजी गायलेच नाहीत, सर. आपल्या बातमीत गायलेत."

मग सरांनी तोडगा काढला: नाव बदलतो, पंडितजींच्या जागी प्रतिभा, बाकी राहू दे. भाग्यश्रीला क्षणभर मोह झाला. मुलीचं नाव तर छापून येणार होतं. पण उद्या येवल्यात ते वाचलं जाईल आणि या संध्याकाळचं त्यात काहीच नसेल.

"नको सर. मी सांगते, तुम्ही टाइप करा."

"पान थांबवू?"

"थांबवा."

सरांनी काहीतरी पुटपुटत पान थांबवलं. शिट्टी, बंद केलेला माइक, आजोबांची खुर्ची, पंखा, सगळं तिने क्रमाने सांगितलं. शेवटी सरांनी विचारलं, "पण रंगली ना?"

"खुर्च्या पुढे आल्या, सर. तेवढंच लिहा."

सकाळी बातमी तशीच छापून आली. दुपारी भाग्यश्रीच्या टेबलावर संध्याकाळच्या नाटकाची पत्रिका येऊन पडली होती. सोबत तयार बातमी नव्हती. तिने मान वर केली. देवराम सर खिडकीकडे बघत म्हणाले, "पान आज नऊला सोडायला सांगितलंय. उशीर करू नकोस."

तिने पिशवी उचलली.