बारा वेळा विकलेला केक

म्हाताऱ्या ऑर्व्हल टीटरनं हातोडी टेबलावर अशी आपटली, की केकवरचा खोबऱ्याचा कीस उडून शेजारी उभ्या असलेल्या पास्टरांच्या चष्म्यावर बसला.

"विकला. दोनशे दहा डॉलर. ये ड्वेन, घेऊन जा तुझा केक."

ड्वेन म्हणजे डुकरं पाळणारा, कुठल्याही दारातून तिरकं होऊन आत येणारा गडी. तो मंचावर चढला, म्हाताऱ्याचा हात धरून गदागदा हलवला, बाजारात जनावर बघावं तसा केक चहूबाजूंनी न्याहाळला, आणि मग दोन्ही तळवे पुढे करून जोरजोरात मान हलवली. नको. परत चढवा.

चर्चमागचा हॉल टाळ्यांनी दणाणला. तोच केक, त्याच संध्याकाळी, सातव्यांदा लिलावाला चढला.

अमेरिकेतल्या मिझुरीच्या त्या कोपऱ्यात रीतच तशी. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाचं कोठार जळलं, की चर्चमध्ये केकचा लिलाव होतो. बोली जिंकणारा पैसे भरतो आणि केक परत देतो, म्हणजे तो पुन्हा विकता येतो. ज्यानं केक घरी नेला त्याच्यापाशी लिलाव संपला. अडुसष्ट साली एक नवखा पाहुणा पहिल्याच फेरीला केक गाडीत घालून निघून गेला होता. तो मेला, त्याची गाडी गंजली, पण त्याच्या नातवंडांची लग्नं ठरताना तो केक अजून बोलण्यात निघतो.

आजचा केक ऑर्व्हलच्या सुनेनं, म्हणजे नडीननं केलेला. तीन थरांचा, वर खोबऱ्याचं बर्फ पडल्यासारखा. आणि आज कुणाचं कोठार जळलं नव्हतं. आजचा लिलाव टीटरांच्या घरी दत्तक यायच्या मुलीसाठी होता.

घरात मुलं नव्हती असं नाही. ऑर्व्हलचा मुलगा गेलन आणि नडीन यांना नऊ होती. रविवारी ती सगळी एकाच बाकावर बसायची, म्हणून चर्चचा पाया त्या बाजूनं दोनदा भरून घ्यावा लागला होता. प्रवासाला त्यांनी शाळेची जुनी पिवळी बस घेतली होती. एकदा ही बस पेट्रोल पंपावर थांबून निघाली, नडीननं डोकी मोजली, बरोबर नऊ भरली, आणि दोन गावं पुढे गेल्यावर कळलं की धाकटा पंपावरच राहिलाय आणि त्याच्या जागी भलतंच कुणाचं तरी पोर बसून सफरचंद खातंय. ते पोर परत जायला तयार नव्हतं, असंही सांगतात.

अशा घरात दहावी येणार होती ती नायीबे. वय तेरा. कोलंबियात, पास्तो नावाच्या डोंगरातल्या गावी मुलांच्या आश्रमात राहणारी. तिची फाइल पहिल्यांदा आली तेव्हा नडीननं स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचली. त्यात एक ओळ होती : मुलीला तिच्याच देशात दोनदा घर मिळालं, दोन्ही वेळा घरच्यांनी परत पाठवली. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'स्वभाव' लिहिलं होतं, दुसऱ्यांदा काहीच नव्हतं. नडीन टोपली घेऊन अंडी गोळा करायला गेली आणि रिकामी टोपली घेऊन परत आली.

म्हातारा तेवढा अडून बसला होता. नऊ म्हणजे बेसबॉलचा पुरा संघ, तो म्हणाला होता, दहावा खेळाडू बाकावर बसतो. त्या पोरीला इतक्या लांबून बाकावर बसवायला आणताय का? गेलननं प्रार्थना करून ठरवलंय असं सांगितलं, तेव्हा म्हातारा म्हणाला की त्यानंही प्रार्थना केली होती, आणि देव त्याला म्हणाला होता की आधी बसचे टायर बदला. मात्र लिलावाची हातोडी त्यानं दुसऱ्या कुणाला धरू दिली नसती. बावन्न वर्षांचा धंदा होता त्याचा. त्याच्या लिलावात शिंकणंही महाग पडायचं. एका माणसानं शिंक आली म्हणून हात वर केला आणि तो कापणी यंत्र घेऊन घरी गेला.

वर्षभर सगळं घर दत्तकाचा खर्च उभा करण्यामागे लागलं होतं. छापील सदरे विकले, शनिवारी सकाळी सगळ्या गावाला धिरडी करून घातली, अंगणात जुनं सामान मांडलं. त्या सामानात गेलनचा एकुलता एक टायही विकला गेला आणि रविवारी तो नडीनला शेजारणीकडून परत विकत आणावा लागला. आता राहिला होता शेवटचा हप्ता. तो सोमवारी दुपारपर्यंत भरायचा. मंगळवारी तिकडचा सरकारी अधिकारी नायीबेला समोर बसवून विचारणार होता, या घरी जायचं का? तेराव्या वर्षी तिचा होकार लागतो. ती नाही म्हणाली तर सगळंच संपलं. पण मंगळवारची चिंता कुणी करतच नव्हतं. ती कशाला नाही म्हणेल? सगळ्यांच्या डोक्यात सोमवार होता.

ड्वेनच्या बरंच आधी, पहिलीच बोली लागत असताना तिर्झाला एक कल्पना सुचली. तिर्झा ही थोरली, सतरा वर्षांची. घरात स्पॅनिश येणारी ती एकटी. शेळ्यांचं दूध काढताना मोठ्यानं घोकून शिकली होती, त्यामुळे शेळ्यांनाही येत होतं म्हणतात. ठरल्याप्रमाणे नायीबेला फोन सहा वाजता, लिलाव आटोपल्यावर लावायचा होता. पण एवढी मजा चाललीय, एवढी माणसं तिच्यासाठी जीव टाकतायत, ते तिनं बघायला नको का? तिर्झानं आश्रमातल्या अंपारोबाईंना व्हिडिओ फोन लावला, पलीकडे चित्र आलं, हात हलवले. गोंगाटानं त्यांचे कान किटतील म्हणून आवाज बंद केला, फोन पियानोवर मंचाकडे तोंड करून उभा ठेवला, आणि ती बोली मोजायला पळाली.

मग काय, लिलाव पेटलाच. सातव्यांदा केक घेतला गावच्या डॉक्टरांनी, परत. आठव्यांदा पेट्रोल पंपवाल्यानं, परत. नवव्यांदा घेतला तीन विधवा बहिणींनी मिळून; तिघी मंचावर गेल्या, कोण परत करणार यावर तिघींत जुंपली, शेवटी तिघींनी एकदम परत केला. दहाव्यांदा शाळेच्या मास्तरांनी. अकराव्यांदा गेलनच्या सख्ख्या मेव्हण्यानं, जो कधी कुणाला कॉफीही पाजत नाही, त्यानं दोनशे चाळीसला घेतला आणि परत देताना असा चेहरा केला की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दर वेळी हातोडी पडायची, एक माणूस हसत मंचावर यायचा, म्हाताऱ्याचा हात हलवायचा, मान हलवून नको म्हणायचा आणि खाली उतरायचा.

तिर्झा धापा टाकत पियानोपाशी आली. फोनच्या उंचीला वाकली, आवाज सुरू केला.

नायीबे ताठ बसली होती. वेण्या घट्ट घातलेल्या, दोन्ही हात मांड्यांखाली.

"अकरा झाले," ती म्हणाली. "मी मोजले."

"बघितलंस ना सगळं?" तिर्झाला काय सांगू नि काय नको झालं होतं. "प्रत्येक जण घेतो आणि परत करतो. आमच्याकडे असंच असतं. माया असली की परत करतात."

नायीबेनं शेजारच्या अंपारोबाईंकडे पाहिलं.

"म्हणजे ठेवून कुणीच घेणार नाही मला?"

तिर्झाला क्षणभर कळलंच नाही. मग ती तशीच, वाकलेली, फोनच्या बाजूनं मंचाकडे वळून बघू लागली. इथून मंचावरचं टेबल दिसत नव्हतं. मधे पास्टरांचं प्रवचनाचं लाकडी मेज होतं, केक त्याच्या मागे. दिसत होता फक्त हातोडी उगारलेला, टोपी घातलेला म्हातारा, आणि त्याच्या मागे चादरीवर छापलेला नायीबेचा चेहरा, पुरुषभर उंच. चादर नडीननं स्वतः शिवली होती.

तिर्झानं फोन उचलला आणि ती मंचावर गेली.

म्हातारा बाराव्या फेरीच्या ऐन तोंडात होता. दोनशेवीस-तीस-चाळीस असं त्याच्या जिभेवरून घरंगळत होतं. तिर्झानं त्याच्या कानाशी तोंड नेलं. तो थांबला.

हॉल चपापला. बावन्न वर्षांत बोली चालू असताना ऑर्व्हल टीटर एकदाच थांबला होता, वादळानं गोठ्याचं छप्पर उडवलं तेव्हा, आणि तेही वादळाला बोली लावायची आहे का हे विचारायला. दोघं-तिघं तर डॉक्टरांकडे बघू लागले.

म्हाताऱ्यानं टोपी काढली. फोन आपल्यासमोर धरायला सांगितला.

"तिला सांग, मी ऑर्व्हल. तुझ्या होणाऱ्या बापाचा बाप. आयुष्यभर लिलाव केले. गाई विकल्या, ट्रॅक्टर विकले, एकदा चुकून माझी स्वतःची गाडी विकली नि पायी घरी गेलो. माणूस कधी विकलेला नाही." मग त्यानं दोन्ही हातांनी केक उचलून फोनसमोर आणला. "आम्ही हा विकतोय. आणि लोक परत करतात ते हा पुन्हा विकता यावा म्हणून. ते पैसे तुला इथे आणायला."

तिर्झानं सांगितलं. नायीबेनं केककडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या चादरीकडे.

"मग फोटो माझा का?"

तिर्झानं ते इंग्रजीत सांगितलं. म्हातारा मागे वळला आणि मान वर करून चादरीकडे बघत राहिला.

"कारण आम्ही सगळे मूर्ख आहोत," तो म्हणाला. "असंच्या असं सांग."

नडीन एक खुर्ची ओढत मंचावर आली. तिच्यावर चढून तिनं चादरीच्या टाचण्या एकेक करून काढल्या, त्या ओठांत धरल्या, आणि चादर चेहरा आत राहील अशी घडी घालून काखेत घेतली. खाली उतरताना ड्वेननं तिला हात दिला.

"गेलन, किती कमी आहेत?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"अकराशे चाळीस. पण बाबा, अजून चार-पाच फेऱ्या झाल्या तर..."

"अकराशे चाळीस," म्हातारा म्हणाला, पण आता तो बोलीचा आवाज होता.

पास्टर पुढे सरकले. हळूच म्हणाले की ऑर्व्हलभाऊ, हातोडी ज्याच्या हातात त्यानं बोली लावायची नसते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

"मग धरा तुम्ही," म्हणून त्यानं हातोडी पास्टरांच्या हातात दिली.

पास्टरांनी आजवर भजनाच्या पुस्तकाहून जड काही उचललं नव्हतं. त्यांनी एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं आणि आजाऱ्याच्या दारावर टकटक करावी तशी हातोडी टेकवली. ते पैसे म्हाताऱ्यानं बोटीच्या इंजिनसाठी तीन वर्षं साठवले होते, हे गेलनला ठाऊक होतं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. ड्वेन मात्र सवयीनं टाळी वाजवून ओरडला, "परत चढवा."

"नाही चढणार," म्हातारा म्हणाला. "तिर्झा, सांग तिला. हा घेतला नि हा ठेवला."

त्यानं खिशातला चाकू काढून विजारीला पुसला, केकचा चांगला जाड तुकडा कापला आणि फोनसमोर उभ्या उभ्या खाल्ला. सगळं गाव त्याला खाताना बघत होतं. अंपारोबाई पहिल्यांदाच काहीतरी बोलल्या आणि हसल्या. नायीबे फोनच्या जवळ आली, इतकी की तिचं नुसतं नाक आणि एक डोळा दिसू लागला.

"कसला आहे?"

"खोबऱ्याचा," तिर्झा म्हणाली.

नायीबे मागे झाली. काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" नडीननं विचारलं.

"आई, जाऊ दे."

"तिर्झा."

"ती म्हणाली, मला खोबरं आवडत नाही."

म्हाताऱ्यानं तोंडातला घास मोठ्या कष्टानं गिळला. "मलाही नाही," तो म्हणाला. "एकोणीस वर्षं खातोय. तेव्हा घरात नवी सून, कोण बोलणार."

नडीननं सासऱ्याकडे पाहिलं. मिशीला लागलेलं खोबरं तो बाहीनं पुसत होता. ओठांतली शेवटची टाचणी काढून तिनं ती अंगावरच्या एप्रनला लावली, आणि फोन तिर्झाच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"विचार तिला, मग काय आवडतं."

तिर्झानं विचारलं. नायीबेनं वर बघितलं, मग खाली. तिला बहुतेक हा प्रश्न नवा होता. मागून कुणीतरी चॉकलेट म्हणालं, तिघींपैकी एक बहीण अननस म्हणाली, गेलन काही सुचवायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हाताऱ्यानं चाकूच्या मुठीनं टेबल वाजवलं.

"गप्प बसा रे सगळे. पोर विचार करतेय."

आणि नडीन ज्या खुर्चीवर चढली होती, तीच ओढून तो फोनसमोर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून, कुठेच जायचं नसल्यासारखा.