साळुबाई, तळेघर : बी साइड

नाचणीच्या पिठा, तुझा रंग रे मातीचा,
लेकीच्या पाटीला, वास माझ्या गं हातीचा...

हा आवाज माझ्या आईचा, साळुबाईचा. साल ब्याण्णव, मी आठ वर्षांची. तळेघरच्या आमच्या घरात जात्याशेजारी पाटावर टेपरेकॉर्डर ठेवला होता, आणि त्याच्यापुढे सयाजी सर उकिडवे बसले होते. सर अवसरीचे, खालच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. एसटी चुकली म्हणून अर्धा घाट चालत आले होते. ओव्या गोळा करायच्या, त्या इंग्रजीत न्यायच्या, जगाला ऐकवायच्या, असं त्यांच्या मनात होतं.

आई साठेक ओव्या गायली. शेवटी "लेकीच्या पाटीला" एवढ्यावर कॅसेट संपली आणि खट् झालं. यंत्र थांबलं, पण आई थांबली नाही. तिनं ती ओवी पुरी केली आणि मगच खुंटा सोडला. म्हणून तेवढी एक ओवी माझ्या डोक्यात राहिली. बाकीच्या रोज ऐकायचे ना, मग ध्यानात कोण ठेवतं!

सरांनी किल्लीनं कॅसेटच्या कडेचे दोन बारीक प्लॅस्टिकचे तुकडे मोडले.

"हे मोडलं, की हिच्यावर दुसरं कायबी भरता येत न्हाई, बाय. तुझ्या आयचा आवाज पक्का झाला."

"म्हंजी मी मेल्यावर बी दळतच ऱ्हाणार म्हना की!" आई हसली.

त्यातला एक तुकडा मी मागून घेतला. तो पुढं कायम माझ्या कंपासपेटीत असायचा.

आई दोन हजार एक साली गेली. घरात तिचा फोटो एकच, तोही रेशनकार्डावरचा. पण आवाज खाली कॉलेजच्या कपाटात आहे, हे मला ठाऊक होतं. मी इंग्रजी स्पेशल घेतलं ते त्या कपाटासाठी. लोकांना वाटलं, पोरगी हुशार आहे.

तोवर सर बदलले होते. कॉलेजात लँग्वेज लॅब आली होती. काचेच्या आडोशाची बारा टेबलं, बारा हेडफोन, आणि पुढं सरांचं बटणांचं मोठं टेबल. त्यांनी बटण दाबलं की त्यांचा आवाज बाराही कानांत एकदम यायचा. तिथं मराठी बोलायची बंदी. कॅसेटमधला साहेब बोलणार, आपण त्याच्यामागून म्हणायचं. सरांचं स्वतःचं बोलणंही त्या साहेबासारखं झालं होतं. अवसरी त्यांच्या जिभेवरून पार पुसली गेली होती.

"आरती, तुझ्या इंग्रजीत अजून नाचणी आहे," ते बारा कानांत म्हणायचे. पोरं हसायची. मीही हसायचे, लाज वाटली तरी.

आईची कॅसेट मागितली, की "उद्या बघू." दोन वर्षं ते उद्या आलंच नाही. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी ओव्यांचाच विषय घेतला, तर म्हणाले, "कशाला? इंटरनेटवर तयार माहिती मिळेल असं काहीतरी घे."

मग मी गफूरभाईंकडे गेले. त्यांचं जुन्नरला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद पडलं, तेव्हापासून ते लॅब सांभाळत. त्यांनी कपाट उघडलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. कॅसेट होती. वर सरांच्या अक्षरात लिहिलेलं: साळुबाई, तळेघर. मी ती मशीनमध्ये घातली, हेडफोन चढवला, डोळे मिटले.

एक साहेब एका मडमेला विचारत होता, आज हवा किती छान आहे, नाही का?

मी कॅसेट बाहेर काढली. मोडलेल्या दोन्ही जागांवर चिकटपट्टी लावलेली होती. पट्टी लावली, की पुन्हा भरता येतं.

तेवढ्यात सर आले. कॅसेट बघून त्यांचा चेहरा उतरला, पण लगेच त्यांनी आवाज चढवला. "गफूरभाई, काय केलंत हे! बघून तरी भरायचं!"

गफूरभाईंनी मान खाली घातली. आणि मी, मी त्या माणसाला काय नाही बोलले! "तुमच्या आईचा आवाज पुसला असता का असा? चार आण्याच्या पट्टीनं माणूस मारलात तुम्ही!"

ते म्हणाले, "बोल बेटा, बोल."

सर निघून गेले. मी मात्र हट्टानं बी साइड शेवटपर्यंत ऐकली. साहेबाचं बोलणं संपलं. मग एक खोकला आला. कोरडा, दोन ठसक्यांचा, खडूच्या धुरळ्याचा. सारं कॉलेज ओळखायचं सरांचा तो खोकला. दोन मशीन समोरासमोर ठेवून भरायचे ना, खोलीतलं सगळं त्यात यायचं. मग खट्. आणि त्यापुढं, साहेबाचं बोलणं पोचलं नव्हतं तेवढ्या फितीवर, माझी आई.

मी गफूरभाईंना म्हटलं, "का गप्प राहिलात?"

"माजी कायम व्हायची ऑर्डर त्यांच्या हातात, तुजे मार्क बी त्यांच्याच हातात. दोगांचं गेलं असतं गं."

"माझे जाऊ देत. तुमचं काय ते तुम्ही सांगा. उद्या लावाल कॅसेट?"

त्यांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाले, "लावतो."

दुसऱ्या दिवशी बारा जणांनी हेडफोन चढवले, तेरावा सरांनी. साहेब हवेबद्दल शेवटचं वाक्य बोलला. खोकला आला. शेजारच्या ऋषीनं चमकून सरांकडे बघितलं. खट्. मग जात्याची घरघर, आणि आई.

नाचणीच्या पिठा, तुझा रंग रे मातीचा, लेकीच्या पाटीला...

कॅसेट संपली. मी हेडफोन काढला, उभी राहिले आणि उरलेलं मोठ्यानं म्हटलं, बंदी होती तरी. "वास माझ्या गं हातीचा." मग पुढं जाऊन कंपासपेटीतला तो तुकडा त्यांच्या बटणांशेजारी ठेवला.

"सर, हे मोडलं की दुसरं काही भरता येत नाही. असं तुम्हीच सांगितलं होतं माझ्या आईला."

त्यांनी तो तुकडा उचलला नाही. मग त्यांनी बटण दाबलं, आणि सगळ्यांच्या कानांत अवसरीचा एक माणूस बोलायला लागला.

"पट्टी मी लावली. दुसऱ्या दिवशी लॅब तपासायला कमिटी येणार व्हती, कॅसेटी कमी पडल्या. गफूरभाईंनी हात धरला व्हता माझा. मी म्हनलं, गानारी हाये की तळेघरात, परत जाऊन भरून आनू. त्याच्यानंतर वरीसभर जित्ती व्हती ती, आरती. मी गेलोच न्हाई."