न केलेला चौकोन

तीस वर्षांत मी दादाशी खेळून मोजून चार डाव जिंकलोय, तेही त्याच्या अंगात ताप असताना. म्हणूनच रविवारी वहिनीनं मला दारातच थांबवलं. "भाऊजी, खेळताना यांचं डोकं किती चालतंय तेवढं बघा. तुम्ही म्हणाल तसं करू." माझं टाळकंच सटकलं. सख्ख्या भावाला घरी ठेवायचं की विस्मरण झालेल्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत, हे मी ठरवायचं? पण तिला तरी काय बोलणार! दोनदा गॅस चालू राहिला होता आणि एकदा दादा स्वतःच्याच गल्लीत हरवला होता.

मागच्या खोलीत टेबल मांडलेलं होतं. नेपोलियनच्या काळातली लढाई, दादानं भिंगातून बघत रंगवलेले शिशाचे सैनिक. त्याचा हातखंडा डाव ठरलेला. आधी घोडदळ अंगावर सोडायचं. समोरचं पायदळ घाबरून चौकोन करतं, चारी बाजूंना संगिनी रोखतं. त्यात घोडा शिरत नाही, पण माणसं दाटीनं उभी असतात. मग घोड्यांमागून आलेलं आपलं पायदळ त्या गर्दीवर गोळ्या झाडतं, चौकोन फुटला की घोडे आत. "घोडा भीती घालायला, मारायला पायदळ," हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही म्हणेन.

त्या दिवशी त्यानं घोडदळ सोडलं आणि पायदळ टेकडीखाली तसंच ठेवलं. मला वाटलं, काहीतरी नवीन खेळतोय लेकाचा. पुढची खेळी झाली, तरी पायदळ जागचं हललं नाही. तो विसरला होता.

वहिनी दारात उभी होती. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, कोण हरलं तेवढं कळतं. मी चौकोन केला असता, तर दादाचे घोडे आपटून परत फिरले असते आणि त्याचा बोऱ्या वाजला असता. मी केला नाही. पलटण रांगेतच ठेवली. फासे पडले, त्याचे घोडे माझी फळी फोडून पार गेले.

"मेलो, संपलो!" मी कपाळावर हात मारला. "वहिनी, बघितलंत? अजून ऐकत नाही हा कोणाला!"

कित्येक दिवसांनी वहिनी हसली.

दादा मात्र टेबलाकडेच बघत होता. "चौकोन का नाही केलास?"

"सुचलं नाही रे."

"तुला? मी शिकवलंय तुला." मग त्याची नजर टेकडीखाली गेली. तिथं उभं असलेलं स्वतःचं पायदळ त्याला तेव्हा दिसलं. "लहानपणी तू भोकाड पसरायचास, तरी मी मुद्दाम कधी हरलो नाही," तो म्हणाला आणि वहिनीकडे वळला. "मुद्दाम हरून यानं सांगितलंच. संस्थेत कधी जायचं ते ठरव."

"दादा, तसं नाही रे!" मी ओरडलो. माझी लबाडी पकडण्याइतकं त्याचं डोकं शाबूत होतं. तेच सांगायला मी वहिनीकडे धावलो, तर ती बाहेर डोळे पुसत फोनवर संस्थेला तारीख विचारत होती.