दोन हजार वॅट

धाकटी कॉम्प्युटर दुरुस्त करायची. तिने थोरल्या बहिणीला साधं सांगितलं होतं, की कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, चांगल्या कंपनीचा साडेसहाशे वॅटचा घे, तुझ्या कामाला पुरून उरेल. ताई घरूनच कॉम्प्युटरवर इमारतींची चित्रं करून द्यायची. पण भावजी मध्ये पडले. साडेसहाशेवर भागवायला आपण काय भिकेला लागलोय, असं म्हणत ते स्वतः बाजारात गेले आणि त्याहून कमी किमतीत दोन हजार वॅटचा डबा घेऊन आले. बसवण्याआधी आल्यागेल्याच्या हातात देऊन त्याचं वजन दाखवायचे. हलकी वस्तू या घरात येत नाही, हे वर.

डबा बसला. ताईचं मोठं चित्र तयार होत आलं, की कॉम्प्युटर मान टाकायचा. भावजींनी आधी वीज कंपनीला दोष दिला, मग प्रोग्रामला. शेवटी, ताई बटणं फार जोरात दाबते, असं निदान झालं. तिसऱ्यांदा काम वाया गेलं तेव्हा ताईने अख्खा कॉम्प्युटर धाकटीच्या दुकानात आणून ठेवला. डब्याची बाजू मांडायला भावजीही आले. बायकांना यंत्रातलं काय कळतं, हे त्यांनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं.

धाकटीने डबा सोडवला, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत निम्मी जागा रिकामी, चार बारीकसे भाग आणि तळाला चिकटवलेला सिमेंटचा ठोकळा. बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथे तर वासाही सिमेंटचा.

भावजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वर्षानुवर्षांचे टोमणे धाकटीच्या जिभेवर आले होते, पण ताईने आधीच वाकून ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"हा किती वॅटचा?" तिने शांतपणे विचारलं.

हल्ली दुकानदारांचा काही भरवसा राहिला नाही, असं पुटपुटत भावजी बाहेर जाऊन उभे राहिले. धाकटीने साडेसहाशेचा डबा बसवला आणि अडकलेलं चित्र तिथेच एका दमात पुरं झालं.

पुढच्या आठवड्यात शेजारी नवा कॉम्प्युटर घेणार होता. भावजींनी त्याला बसवून घेतलं आणि लोक उगाच मोठ्या आकड्यांना कसे भुलतात ते समजावलं. साडेसहाशे पुरे, मी घरी तोच बसवून घेतला, असंही सांगितलं. आतल्या खोलीत ताईने सगळं ऐकलं. उठून दार लावून घेतलं आणि पुढचं चित्र सुरू केलं.